ऐंशी घरं, बहात्तर भेल्या

ज्योत्स्ना काट्यावर चढली आणि राइस मिलमधलं काम आपोआप थांबलं. कोजागिरी नुकतीच झालेली, नवं धान अजून यायचं होतं, त्यामुळे चार हमालांना बघायला दुसरं काही नव्हतंच. तिचा नवरा हेमराज याच मिलमध्ये मुनीम. तो हातातल्या रजिस्टरात असं काही डोकं खुपसून उभा होता, की काट्यावरची बाई कुठल्या गावची हे त्याला ठाऊकच नसावं.

"आई, मेडिकलच्या दुकानात मशीन हाये ना. तिथं मोजलं असतं," ज्योत्स्ना दातांवर दात ठेवून म्हणाली.

"देवीच्या कामाले खेळन्यातली मशीन चालत नाई," तिची सासू सत्यभामाबाई काट्याजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. "धानाचा काटा खोटं बोलत नाई. हालू नको तू."

नथ्थू हमालाची वीस वर्षांची सवय अशी, की काट्यावर काहीही चढलं की आकडा मोठ्यानं पुकारायचा. शेतकऱ्यालाही ऐकू गेला पाहिजे आणि मुनीमजींनाही. त्याच तालात तो ओरडला, "एकोणऐंशी किलो, चारशे ग्राम!" मग समोर मुनीमजींची बायको आहे हे आठवून तिला बरं वाटावं म्हणून त्यानं भर घातली, "दोन कट्टे, भाभी. पूरे दो कट्टे पन नाई. सहाशे ग्राम कमीच."

धानाचा कट्टा चाळीस किलोचा. ज्योत्स्नाला हिशेब लावायला वेळ लागला नाही. सत्यभामाबाई मात्र एकदम खूश झाल्या. "ऐंशी धर, हेमराज. ऐंशी! देवीची करनी पाह्य."

देवीची करणी अशी होती. एकवीस वर्षांपूर्वी मुलाच्या, पियुषच्या वेळेला ज्योत्स्ना फार अडली होती. तीन दिवस दवाखान्यात, आणि डॉक्टर काही खात्रीनं सांगेनात. तेव्हा सत्यभामाबाईंनी कटंगीच्या पुढच्या आपल्या गावी मातामायच्या ओट्यासमोर पदर पसरला होता. सून धड घरी येऊ दे, तिच्या भारोभार गूळ वाटीन, घरोघरी किलोची एक अख्खी भेली देईन. सून आली, नातूही आला, आणि नवस मात्र राहिला. एका वर्षी घराचं छत उडालं, एका वर्षी धान गेलं, मग सासरे गेले आणि सगळे बालाघाटला राहायला आले. पियुष आता इंदूरला शिकत होता आणि तीन परीक्षांत एकेका मार्कानं लटकला होता. त्यामागे राहिलेला नवस आहे, असं सत्यभामाबाईंचं ठाम मत झालं.

"नवस बोलला तवा गावात चाळीस घरं होती अन् तू एक्केचाळीसची," मिलमधून परतताना ऑटोत त्या समजावून सांगत होत्या. "आता घरं झाली ऐंशी, अन् तू बी ऐंशीची. घरामागं एक भेली, ना कमी ना जास्त. मी म्हनत होती, पोरीचं वजन काहून वाढून राह्यलं? देवीनंच वाढवलं."

ऑटोवाल्यानं आरशातून एकदा बघून घेतलं. ज्योत्स्ना बाहेर बघत राहिली.

वजन देवीनं नव्हे, थायरॉइडनं वाढवलं होतं. तीन वर्षांपूर्वी ते निघालं. ज्योत्स्ना घरच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. वॉर्डातल्या निम्म्या बायकांच्या कमरा तिच्या टेपनं मोजलेल्या, आणि कोणाची कंबर किती हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. तिची स्वतःची कंबर मात्र सगळ्या नातेवाइकांच्या चर्चेत होती. गावाकडची चुलत जाऊ सीता तर प्रत्येक लग्नात तिच्या ताटाशी येऊन उभी राहायची. "घे ना वो, काहून लाजतं? घरी जाऊन तं खाशीनच."

मग ज्योत्स्नानं लग्नात जेवणं सोडलं. चार माणसांत ती पाण्याशिवाय काही तोंडात घालेना. भूक तर लागायचीच, म्हणून घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन घास खायची. तेच एकदा सत्यभामाबाईंनी पाहिलं, आणि सून चोरून खाते यावर शिक्कामोर्तब झालं. तेव्हापासून लाडवाच्या डब्यातले लाडू रोज सकाळी मोजले जायचे. एखादा कमी भरला तर तो हेमराजनं खाल्लेला असायचा, पण हेमराजला कोणी विचारायचं नाही, कारण तो बारीक होता.

आता माघी पुनवेला सगळ्या गावासमोर तराजू लागणार होता. एक एक भेली पारड्यात पडणार, गाव मोठ्यानं मोजणार, आणि सीता पहिल्या रांगेत असणार. ज्योत्स्नाला रडू आलं नाही, राग आला. आणि ती रागात असली की फार शिस्तीत वागायची.

"आई," ऑटोतून उतरता उतरता ती म्हणाली, "माघापर्यंत चार महिने हायेत. ऐंशी भेल्या लागनार नाईत. मी आतापासून सांगून ठेवते."

"बरं," सत्यभामाबाई म्हणाल्या. पावसात वाळत घातलेल्या पापडांबद्दल जितका विश्वास वाटेल तितका त्यांच्या आवाजात होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओळखीच्या गुऱ्हाळवाल्याला फोन करून एकेक किलोच्या ऐंशी भेल्या सांगितल्या, आणि पाठोपाठ गावात निरोप धाडला.

डॉक्टर दीपिका मॅडमनी जुने रिपोर्ट चाळले आणि विचारलं, "गोळी कशी घेता?"

"रोज घेते, मॅडम. एक दिवस चुकवत नाई."

"कशाबरोबर?"

"चहाबरोबर. आई बशीतच ठेवून देतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तीन वर्षं?"

"हौ."

"बाई, मग गोळी निम्मी चहालाच लागू झाली! उठल्याबरोबर उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची. त्यानंतर एक तास काही नाही. चहा नाही, दूध नाही, काही नाही." मग त्यांनी रक्त तपासायला लिहून दिलं, नवा डोस ठरवला आणि बोट दाखवून बजावलं. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तर पुष्कळ समजायचं. उपास करायचे नाहीत. रोज चालायचं आणि वेळेवर नीट जेवायचं. नुसत्या गोळीनं वजन पळत नाही आणि गोळीशिवाय हलतही नाही.

ऐकायला हे अगदी सोपं होतं. घरात ते अमलात आणायला मात्र पहिले आठ दिवस युद्ध झालं. सासरे गेल्यापासून सकाळचा पहिला चहा सासू-सून मिळून घ्यायच्या. एकटीनं चहा घेणं सत्यभामाबाईंना अशुभ वाटायचं. आता सून साडेपाचला उठून गोळी घ्यायची आणि साडेसहापर्यंत चहाला हात लावायची नाही. सत्यभामाबाई चुलीजवळ, म्हणजे गॅसजवळ, डोकं धरून बसायच्या.

"तुमी घ्या ना, आई."

"नाई. तू उपाशी अन् मी घेऊ? डोकं फुटलं तरी चालन."

हेमराजनं दोन्ही बाजूंना समजावून पाहिलं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन तो मिलमध्ये लवकर जायला लागला. शेवटी ज्योत्स्नानंच तोड काढली. ती साडेचारला उठायची, गोळी घ्यायची आणि सरळ वैनगंगेच्या घाटाकडे चालू लागायची. परत येईपर्यंत तास झालेला असायचा आणि चहा उकळत असायचा. अशा रीतीनं सासूच्या डोकेदुखीपायी सुनेला रोजचं पाच किलोमीटर चालणं लागलं.

दर रविवारी मिलमध्ये वजन. नथ्थू वाटच बघत असायचा. पहिला महिना संपला तेव्हा त्यानं पुकारलं, "एकोणऐंशी किलो, झीरो झीरो!"

महिनाभरात चारशे ग्रॅम. ज्योत्स्नाचा चेहरा बघून नथ्थूला राहवलं नाही. "भाभी, चप्पल उतार के देखो ना." चप्पल उतरवली तर आणखी दोनशे गेले. तेवढ्यावर तिनं समाधान मानलं.

घरी सत्यभामाबाई म्हणाल्या, "नखं कापली असशीन."

पण ज्योत्स्ना हटली नाही. भाताचा एक वाडगा ठरला म्हणजे एकच. शेजारच्या बाईनं अळशीचं पाणी सांगितलं, मावशीनं फोनवर कच्चा दुधी सांगितला, ब्लाउज शिवायला आलेल्या एका मास्तरणीनं तर गोळी बंद करून नुसता काढा प्यायला सांगितला. ज्योत्स्नानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांच्या ब्लाउजची मापं घेतली आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच केलं. दुसऱ्या महिन्यात गोळी अंगाला लागली. सकाळी उठताना अंग जड वाटेना. दुपारी मशीनवर डुलकी यायची ती बंद झाली. डिसेंबरात तिनं स्वतःच्या ब्लाउजची शिवण अर्धा इंच आत घेतली आणि दार लावून आरशासमोर पाच मिनिटं उभी राहिली.

नवं धान मिलमध्ये यायला लागलं होतं. ट्रॅक्टरांच्या रांगेत काटा थांबवून नथ्थूनं पुकारलं, "शहात्तर दोनशे!" रांगेतल्या एका शेतकऱ्याला वाटलं आपलेच दोन कट्टे कमी भरले, तो भांडायला धावून आला.

संक्रांतीच्या आधी आकडा चौऱ्याहत्तरवर आला, आणि सत्यभामाबाई पहिल्यांदाच गंभीर झाल्या. रात्रीच्या जेवणाला त्यांनी हेमराजला विचारलं, "चौऱ्याहत्तर म्हंजे किती भेल्या?"

"चौऱ्याहत्तर."

"अन् घरं?"

"ऐंशी."

सत्यभामाबाईंचा घास हातातच राहिला. नवस भारोभार गुळाचा होता. पारड्यात सुनेसमोर जो बसेल तोच देवीचा गूळ, उरलेला नुसता बाजाराचा. फोडून वाटायचीही सोय नव्हती, कारण 'घरोघरी अख्खी भेली' असं गावभर सांगून झालं होतं, आणि त्या गावात फुटकी भेली दारात नेणं म्हणजे सात पिढ्यांचं बोलणं बंद.

"सहा घरं मले जिवंत ठेवनार नाईत," त्या पुटपुटल्या.

त्यानंतर एक गंमत झाली. ज्योत्स्ना तितकंच चालत होती, तितकंच जेवत होती, आणि काटा दोन रविवार जागचा हलला नाही. उलट दुसऱ्या रविवारी तीनशे ग्रॅम वाढले. तिनं पुन्हा रक्त तपासलं, ते ठीक होतं. डॉक्टर म्हणाल्या, खाण्यात काहीतरी जास्त जातंय. ज्योत्स्ना चिडून म्हणाली, "मॅडम, तुमीबी?" आणि घरी येऊन तिनं ठरवलं, की हे 'काहीतरी' पकडायचंच.

पकडायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी ती शिवणाच्या खोलीतून अचानक स्वयंपाकघरात आली, तर सत्यभामाबाई तिच्या वाटीतल्या वरणात तूप सोडत होत्या. चमच्यानं नव्हे, पळीनं. बाजूला तिच्या एकटीसाठी वाढलेला भात होता, तोही तुपानं चमकत होता.

"आई! हे काय करून राह्यल्या?"

सत्यभामाबाईंच्या हातातून पळी सुटली नाही, पण आवाज सुटला. "माघ आला, पोरी! कोन्या सहा घरांले नाई म्हनू मी? तूच सांग. थोडे दिस खाऊन घे. पुनव झाली की उतरव ना तुले उतरवायचं ते!"

"किती दिवसापासून टाकून राह्यल्या?"

"सक्रातीपासून. दुधात सायबी टाकत होती."

तीन वर्षं जिनं लाडवांचा डबा मोजला, ती बाई आता सुनेला चोरून खाऊ घालत होती. ज्योत्स्नाला हसावं की आदळआपट करावी ते कळेना. तिनं दोन्ही केलं. त्या दिवसापासून तिचं वरण वेगळ्या डब्यात शिजू लागलं आणि तो डबा शिवणाच्या खोलीत, कात्रीच्या खणात कुलपात राहू लागला. सत्यभामाबाई खोलीबाहेर येरझाऱ्या घालायच्या. एकदा त्यांनी तिळाचा लाडू दाराच्या फटीतून आत सरकवून पाहिला, तो तसाच परत आला.

पुनवेच्या दिवशी सकाळी नथ्थूनं मिलमधला जुना दांडीचा तराजू टेम्पोत घालून गावात आणला आणि ओट्यासमोरच्या चिंचेला टांगला. एका पारड्यात ज्योत्स्ना बसणार, दुसऱ्यात गूळ. नवसाचा दिवस म्हणून तिला सकाळपासून काही खायचं नव्हतं. ऐंशी भेल्या चटईवर रचून ठेवल्या होत्या. अख्खं गाव जमलं होतं, आणि हातात पिशवी नसलेला माणूस शोधून सापडला नसता. सीता पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसली होती.

घरात ज्योत्स्नाला नेसवताना सत्यभामाबाईंनी शेवटचा डाव टाकला. जाड नऊवारी, त्यावर शाल, कमरेला चांदीचा पट्टा, हातात गोठ, पायात तोरड्या. ओटीत नारळ आला, मग दुसरा नारळ आला, आणि मग पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळेचा तांब्या.

"हा काहून?"

"शास्त्र हाये."

"कोनतं?"

सत्यभामाबाई तिच्या निऱ्या सारख्या करू लागल्या. ज्योत्स्नानं तांब्या खाली ठेवला, पट्टा सोडला, गोठ काढले. "आई, देवीले खोटं वजन देऊ काय? एकवीस वर्षांनी?"

ज्योत्स्ना साध्या सुती लुगड्यात बाहेर आली, ओट्याला डोकं टेकवलं आणि पारड्यात बसली. पारडं टेकलं. मातामायचे ऐंशीच्या घरातले म्हातारे पुजारी महागूबाबा यांनी पहिली भेली उचलून समोरच्या पारड्यात ठेवली.

"एक!" गाव ओरडलं.

चाळिसाला मुलं कंटाळली. साठाला सीता शेजारणीच्या कानाशी लागली. पासष्टला ज्योत्स्नानं पारड्याची कड घट्ट धरली. आपण चार महिने पहाटे चाललो, आणि हे पारडं नेमकं आज दगा देईल, असं तिला वाटायला लागलं. समोर सत्यभामाबाई हात जोडून काहीतरी पुटपुटत होत्या. देवीकडे दोघीही एकाच वेळी मागत होत्या आणि दोघींचं मागणं नेमकं उलट होतं.

"सत्तर!" पारडं हललं नाही. "एक्काहत्तर!" दांडी कुरकुरली. "बहात्तर!"

ज्योत्स्ना जमिनीवरून उचलली गेली. दांडी सरळ झाली, जरा डुलली आणि थांबली.

टाळी कोणी वाजवली नाही. गाव चटईकडे बघत होतं. चटईवर आठ भेल्या उरल्या होत्या.

"अवो काकू," सीतानं मोठ्यानं विचारलं, "आठ घरांचं काय?"

झालं. पाठीमागून आवाज उठले. ऐंशी सांगितल्या होत्या ना? बहात्तरच? तराजू कोणाचा? मिलचा! मुनीमजींच्या मिलचा! एकवीस वर्षं थांबवलं, अन् आता आठ भेल्या मारल्या. कोणी तर म्हणालं, "गूळ वाचवला म्हाताऱ्या बाईनं."

सत्यभामाबाईंनी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं होतं, पण देवीच्या दारात कंजूस म्हटलेलं त्या ऐकून घेणार नव्हत्या. त्या पदर खोचून चिंचेखाली मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"कोन म्हनते वाचवला? मोजून घ्या, ऐंशी आनल्या मी! माह्या सुनेचं वजन उतरलं, त्याले मी काय करू?"

"असं कसं उतरलं?" सीता म्हणाली. "ते तं चोरून..."

"चूप!" सत्यभामाबाई कडाडल्या. "चोरून? मी सोता पाह्यलं. चोरून मी तूप टाकलं, चोरून मी साय टाकली, चोरून मी लाडू सरकवला, अन् या बाईनं खाल्लं नाई! तीन वर्षं मीबी तुह्यासारखीच बोलत होती. माही चूक झाली. बिमारी होती तिले. गोळी चहासंग देत होती मी, तेबी माहीच चूक. साडेचारले उठून चालते ते पोरगी, थंडीत. मी झोपून राहते अन् ते चालते!"

पारडं हवेत तसंच तरंगत होतं आणि त्यात बसलेली ज्योत्स्ना सासूकडे बघत होती. हे वाक्य ऐकायला ती तीन वर्षं थांबली होती, आणि ते असं भर गावात, भांडणाच्या आवाजात ऐकू येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"मी गवाह हूं," टेम्पोपाशी उभा असलेला नथ्थू ओरडला. "कोजागिरीले एकोणऐंशी चारशे होतं. मी पुकारलं होतं. मिलचा काटा हाये, खोटं बोलत नाई."

महागूबाबांनी आठ भेल्यांकडे बघितलं, ज्योत्स्नाकडे बघितलं आणि बराच वेळ मिशी कुरवाळली. "मंग भांडन कायचं?" ते म्हणाले. "नवस भारोभार. हा समोरचा भार झाला. अन् हे आठ किलो, ते बी तिचाच भार. आज अंगावर नाई, देवीच्या दारात उतरवून ठेवला, एवढंच. आठही देवीचेच."

सीता पुढे झाली. उरलेल्या भेल्या पाटीत भरून तिनं उचलायला घेतल्या. पाटी कमरेवर घेऊन ती ओट्याच्या दोन पायऱ्या चढली आणि तिथंच थांबली. "लय जड हाये वो," ती दम खात म्हणाली. मग तिनं पाटीकडे पाहिलं, पारड्यातल्या जावेकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "येवढं घेऊन दिवसभर फिरत होतीस तू?"

ज्योत्स्नानं मान हलवली. सीतानं पाटी खाली ठेवली. तिच्या तोंडून पुढे काहीच न निघण्याची गावातली ती पहिलीच वेळ असावी.

खरा गोंधळ त्यानंतर, वाटप सुरू झाल्यावर झाला. महागूबाबांचं बोलणं मागच्या रांगेपर्यंत पोचेपर्यंत त्याचा अर्थ असा झाला, की बहात्तर भेल्या साध्या आणि ज्या आठ 'अंगातून उतरल्या' त्या खऱ्या सिद्धीच्या. खाल्ल्या तर वजन उतरतं. ज्यांच्या पिशवीत भेली पडली होती त्या बायकाही परत रांगेत आल्या. आठ भेल्यांना चाळीस हात लागले.

"अवो, गूळ खाऊन वजन कमी होत नाई!" ज्योत्स्ना पारड्यातून ओरडली. समोरचा गूळ निघाल्यावर तिचं पारडं जमिनीला टेकलं होतं, पण तिला हात देऊन उठवायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. "थकवा येत असन, अंग सुजत असन, तं रक्त तपासा! डॉक्टरकडं जा!"

"जाऊ ना," एक बाई भेली पोटाशी धरून म्हणाली, "हे संपली की जाऊ."

सीतानं तोवर एक भेली पदराखाली घेतली होती.

परतीच्या वेळी तराजू, नथ्थू आणि हेमराज टेम्पोत बसले, आणि सासू-सून कटंगीहून बालाघाटच्या बसमध्ये. सत्यभामाबाईंचा आवाज बसला होता, तरी बोलणं थांबत नव्हतं. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला त्यांनी कोजागिरीपासून सगळं सांगितलं. पुढच्या सीटवरचेही वळून ऐकायला लागले.

"गोळी घेतली की घंटाभर पानी सोडून काई नाई. भात एक वाडगा. लाडवाकडं तं पाह्यतच नाई. माह्या सुनेसारखी बाई नाई सापडनार तुमाले. काईच खात नाई!"

ज्योत्स्ना खिडकीशी बसून ऐकत होती. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. गावातल्या गर्दीत प्रत्येकजण भेलीच्या मागे, तिला जेवलीस का म्हणून कोणी विचारलंच नाही. आता संध्याकाळ होत आली होती आणि डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले होते. शेजारच्या बाईनं पिशवीतून मुरमुऱ्यांचे लाडू काढले आणि एक तिच्यापुढे धरला.

ज्योत्स्नाचा हात पुढे झाला. त्याच्या आधी सत्यभामाबाईंचा हात आडवा आला. "नाई, नाई! ते नाई खात असं काई. आत्ताच सांगितलं ना तुमाले? तुमी ठेवा."

लाडू परत पिशवीत गेला. बाईनं ज्योत्स्नाकडे मोठ्या आदरानं पाहिलं. ज्योत्स्नाला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, फक्त खायला काही मिळत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मले भूक लागली."

"आं?"

"भूक लागली. सकाळपासून उपाशी हाव मी. डॉक्टरनं उपास नाई सांगितला, वेळेवर खायाले सांगितलं. एक लाडू घेते मी." आणि सासूच्या हातावरून हात नेऊन तिनं स्वतःच पिशवीतून लाडू घेतला.

तिनं पहिला घास घेतला. गेल्या तीन वर्षांत चार माणसांत बसून खाल्लेला तो पहिला घास होता. तिनं इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही, पदर आड धरला नाही, घाईही केली नाही. मुरमुरे कुरकुर वाजत होते.

सत्यभामाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्या एकदम वळल्या. बसमध्ये निम्मी माणसं पेंगत होती, उरलेली मोबाइलमध्ये होती, आणि ज्योत्स्नाकडे कोणी म्हणता कोणी बघत नव्हतं. तरी बसलेल्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या दरडावल्या, "पाह्यता काय? खाऊ द्या ना माह्या सुनेले!"